तारा आणि त्याच्यामागचा बाक

न्यूयॉर्क शहराच्या निक्स या बास्केटबॉल संघाचे अनुयायी ही एक मोठी चिवट आणि तितकीच वादप्रिय जमात आहे. ज्या संघाने 1973 मध्ये अजिंक्यपद मिळवले आणि त्यानंतर 2025 च्या उन्हाळ्यापर्यंत पन्नासहून अधिक वर्षे आपल्या भक्तांना केवळ आशेवर पोसले, त्या संघाविषयी भांडण्याचा हक्क त्यांनी जणू वंशपरंपरेने मिळवलेला आहे. 2024 च्या शरद ऋतूपासून त्यांच्यात जो वाद पेटला, त्याचे प्रश्न दोन होते: नव्याने आणलेला तारांकित खेळाडू कार्ल-अँथनी टाउन्स हा खरोखर त्या किमतीचा आहे काय, आणि संघाची राखीव फळी इतकी दुबळी का? वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे प्रश्न वेगवेगळे मानले. वस्तुतः ते एकाच हिशेबाच्या जमेची आणि खर्चाची बाजू होते.

हा हिशेब समजण्यासाठी खेळाची घडण ध्यानात घ्यावी लागते. निक्स ज्या अमेरिकन व्यावसायिक लीगमध्ये खेळतात, तिच्यातला सामना 48 मिनिटांचा. मैदानात एका वेळी प्रत्येकी पाच खेळाडू. म्हणजे प्रत्येक प्रशिक्षकाच्या हाती दर सामन्यास 240 खेळाडू-मिनिटांचे भांडवल असते आणि ते कोणावर किती खर्चावयाचे हे त्याने ठरवावयाचे असते. आपल्या परिचयाच्या क्रिकेटमध्ये बारावा गडी क्षेत्ररक्षणापुरता उतरतो आणि पेयपान घेऊन येतो. बास्केटबॉलमध्ये मात्र खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर जाऊ शकतात, त्यामुळे बाकावर बसलेला माणूस अर्ध्या तासाने सामन्याचा नायक होऊ शकतो. बोस्टनचे विख्यात प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. प्रतिपक्षाचे पहिले पाच जण दमू लागले, की फ्रँक रॅम्झीसारखा ताज्या दमाचा, गुणी खेळाडू ‘सहावा’ म्हणून उतरवायचा, अशी त्यांची रीत होती. त्या सहाव्याचा मान पुढे इतका वाढला, की 1983 पासून उत्कृष्ट राखीव खेळाडूसाठी स्वतंत्र वार्षिक पारितोषिक दिले जाऊ लागले.

आता निक्सचे दप्तर उघडून पाहू. डिसेंबर 2023 मध्ये टोरांटोकडून ओ. जी. अनुनोबी हा कसलेला बचावपटू आणला गेला. त्याच्या मोबदल्यात आर. जे. बॅरेट गेला आणि त्याच्याबरोबर राखीव फळीचा प्राण असलेला इमॅन्युएल क्विकलीही गेला. 2024 च्या उन्हाळ्यात आयझाया हार्टनस्टाइन हा उंच आणि समंजस खेळाडू कराराची मुदत संपताच ओक्लाहोमा सिटीने अधिक मोबदला देऊन नेला. त्याच सुमारास ब्रुकलिनकडून मिकाल ब्रिजेस आला, आणि त्यासाठी नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील पहिल्या फेरीचे पाच हक्क, म्हणजे संघाचे भविष्यच, गहाण पडले. अखेरीस, हंगाम तोंडावर आला असताना, ज्युलियस रँडल व डाँटे डिव्हिन्चेंझो यांना मिनेसोटाकडे धाडून टाउन्स आणण्यात आला. प्रत्येक व्यवहार सुटा पाहिला तर समर्थनीय होता. परंतु ते सारे एकत्र मांडले, की पाच जणांचे देखणे पथक उभे राहिल्याचे आणि त्यामागचा बाक रिकामा झाल्याचे दिसते.

या रिकामेपणाला पैशाचेही कारण आहे. लीगमध्ये वेतनाची मर्यादा ठरलेली असते. 2024-25 मध्ये ती सुमारे 14 कोटी 6 लाख डॉलर होती, आणि एकट्या टाउन्सचे वेतन त्या मर्यादेच्या एकतृतीयांशाहून अधिक होते. ही मर्यादा काही सवलतींनी ओलांडता येते. परंतु 2023 च्या करारनाम्याने तिच्या बऱ्याच वर आणखी एक रेषा आखली, आणि ती ओलांडणाऱ्या संघावर व्यवहारांचे इतके निर्बंध लादले, की श्रीमंत मालकानेही हात आखडता घ्यावा. तेव्हा पहिल्या पाचांवर तिजोरी रिकामी करणाऱ्या संघाला बाकासाठी किमान वेतनावर राजी होणारे उतारवयाचे किंवा अननुभवी खेळाडूच परवडतात.

टाउन्स हा काही सामान्य मोबदला नव्हे. न्यू जर्सीतील ज्या एडिसन गावाचा ओक ट्री रोड तेथील मराठी कुटुंबांना वाणसामानासाठी आणि सणावारांच्या खरेदीसाठी पाठ आहे, त्याच गावी 1995 मध्ये त्याचा जन्म झाला. म्हणजे तो एका अर्थाने घरीच परतला होता. जवळजवळ सात फूट उंचीचा हा खेळाडू दूरवरून तीन गुणांची फेक लीलया करतो, आणि 2022 मध्ये लीगची त्या फेकीची स्पर्धाही त्याने जिंकली होती. असा उंच खेळाडू बास्केटपासून दूर उभा राहिला, की त्याला राखणाऱ्या प्रतिस्पर्धी रक्षकाला बास्केटखालची जागा सोडून बाहेर यावे लागते, आणि मोकळ्या झालेल्या वाटेने निक्सच्या जेलन ब्रन्सनसारखा चतुर खेळाडू आत शिरतो. पहिल्याच हंगामात टाउन्सने दर सामन्यास सरासरी 24 हून अधिक गुण आणि सुमारे 13 रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर हस्तगत केलेले चेंडू, मिळवले. समर्थकांचा पक्ष येथे भक्कम होता.

विरोधकांची कैफियतही निराधार नव्हती. टाउन्स बचावात मंद आहे आणि ब्रन्सन ठेंगणा आहे, हे प्रत्येक प्रतिपक्षाला ठाऊक होते. म्हणून टाउन्स ज्याला राखत असे त्यालाच पडदा लावण्यास, म्हणजे वाटेत उभे राहून रक्षकाला अडवण्यास, बोलावून या दोघांना एकाच वेळी कोंडीत पकडण्याचा डाव वारंवार टाकला जाई. अशा वेळी बाकावर भरवशाचा बचावपटू असता, तर दुखरी जागा काही काळ झाकता आली असती. परंतु तसा बचावपटू असलेला मिचेल रॉबिन्सन घोट्याच्या शस्त्रक्रियेमुळे फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत उतरलाच नाही, आणि राखीव खेळाडूंनी मिळवलेल्या गुणांच्या सरासरीत निक्सचा क्रमांक तीस संघांत शेवटचा लागला. परिणामी मुख्य प्रशिक्षक टॉम थिबडो यांनी सारा भार पहिल्या पाचांवर टाकला. जॉश हार्ट सरासरी मिनिटांत, तर ब्रिजेस एकूण मिनिटांत लीगमध्ये पहिला आला. मार्च 2025 मध्ये ब्रिजेसने आपण मिनिटे कमी करण्याविषयी प्रशिक्षकांशी बोललो असल्याचे उघडपणे सांगितले, थिबडोंनी ते नाकारले, आणि त्याच रात्री पोर्टलंडमध्ये जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी ब्रिजेसनेच विजयी फेक केली. दोन्ही पक्षांना आपापला पुरावा एकाच रात्री मिळावा, असा योग विरळाच!

बाद फेरीत हाच वाद मैदानावर निवाड्यास आला. गतविजेत्या बोस्टनला 4-2 असे नमवून निक्स 2000 नंतर प्रथमच पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत पोहोचले, तेव्हा सातव्या ॲव्हेन्यूवर लोटलेला जनसमुदाय पाहून बाकाची आठवण कोणाला होणार? परंतु पुढे उभा असलेला इंडियाना संघ नेमका उलट तत्त्वावर बांधलेला होता: नऊ-दहा खेळाडूंची आलटूनपालटून योजना करणारा, अखंड धावणारा आणि प्रतिपक्षाला धावावयास लावणारा. पहिल्या सामन्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डन या आपल्या घरच्या मैदानावरच, तीन मिनिटांहूनही कमी वेळ उरला असता, निक्सने 14 गुणांची आघाडी घालवली आणि जादा वेळेत 135-138 असा पराभव पत्करला. तिसऱ्या सामन्यात थिबडोंनी हार्टला बाकावर बसवून रॉबिन्सनला आरंभी उतरवले, विस्मृतीत गेलेल्या डेलन राइट व लँड्री शॅमेट यांना मैदान दाखवले, आणि सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात टाउन्सने एकट्याने 20 गुण केल्यावर निक्सने 20 गुणांची पिछाडी भरून काढून सामना जिंकला. तारा आणि बाक एकाच सायंकाळी उपयोगी पडले. पण मालिका अखेर इंडियानाने 4-2 अशी जिंकली.

ताऱ्याइतकाच बाकही लागतो, या सत्याची साक्ष न्यूयॉर्ककरांना त्यांच्याच इतिहासात मिळू शकते. 1970 च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात निक्सचा जखमी तारा विलिस रीड लंगडत मैदानात आला, हे दृश्य तेथील आजोबा नातवंडांना सांगतात. मात्र त्याआधीच्या पाचव्या सामन्यात, रीड जायबंदी होऊन बाहेर गेल्यावर, डेव्ह स्टॉलवर्थ आणि कॅझी रसेल या राखीव खेळाडूंनी विल्ट चेंबरलेनच्या बलाढ्य लॉस एंजेलिसला रोखून सामना खेचून आणला, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. सहावा सामना लॉस एंजेलिसने जिंकला. तेव्हा पाचवा हातचा गेला असता तर सातवा सामना झालाच नसता, आणि रीडच्या त्या पराक्रमाला रंगमंचही लाभला नसता.

3 जून 2025 रोजी, म्हणजे पराभवानंतर तीनच दिवसांनी, थिबडोंना पदमुक्त करण्यात आले. त्यांच्या जागी माइक ब्राउन यांची नेमणूक झाली, आणि जॉर्डन क्लार्कसन व गेर्शन याबुसेले यांना घेऊन बाकाची डागडुजी आरंभली गेली. चाहत्यांपैकी काहींनी हा प्रशिक्षकावर अन्याय मानला, काहींनी उशिरा सुचलेले शहाणपण मानले. परंतु ज्या व्यवस्थापनाने एकेका ताऱ्यासाठी बाक मोकळा केला, त्यानेच बाकाविना लढलेल्या प्रशिक्षकाला निरोप द्यावा, यातली विसंगती दोन्ही पक्षांनी पाहावी अशी आहे. टाउन्सची किंमत त्याच्या गुणांच्या सरासरीवरून ठरणार नाही. तो दमून बाहेर बसतो त्या दहा-बारा मिनिटांत आघाडी टिकवणारा कोणी संघापाशी उरला आहे काय, यावरूनच ती ठरेल.