बिहार भूकंपावरील गांधी–टागोर वाद

बिहार भूकंपावरील गांधी–टागोर वाद हा १९३४ साली महात्मा गांधी आणि रवींद्रनाथ टागोर यांच्यात झालेला वैचारिक वाद होय. नैसर्गिक आपत्तीत निरपराध माणसे का बळी पडतात आणि त्यांच्या दुःखाला नैतिक कारण जोडता येते काय, हा या वादाचा गाभा होता.

पार्श्वभूमी

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी उत्तर बिहार व नेपाळ भूकंपाने हादरले. त्याची तीव्रता रिश्टर मापनात सुमारे ८ मानली जाते. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा आणि काठमांडू खोऱ्यात मोठी हानी झाली. मृतांची संख्या दहा हजारांहून अधिक होती. जमिनीला पडलेल्या भेगांतून वाळू व पाणी वर आले, शेते वाळूखाली गेली आणि विहिरी बुजल्या. गांधी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणासाठी दक्षिण भारताच्या दौऱ्यावर होते.

गांधींचे विधान

तिरुनेलवेली येथील सभेत गांधींनी हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे, असे आपले मत मांडले. आपत्तीतून सवर्ण समाजाने आत्मशुद्धीचा बोध घ्यावा, हा त्यामागील हेतू होता. तथापि भूकंपात सापडलेल्यांमध्ये तान्ही मुले होती आणि स्वतः अस्पृश्यतेचे चटके सोसणारेही होते. पापाची शिक्षा पाप न करणाऱ्यांना का, हा प्रश्न त्यामुळे अटळ ठरला.

टागोरांचा आक्षेप

टागोर अस्पृश्यतेचे विरोधक होते. १९३२ साली पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधींनी उपोषण सोडले तेव्हा ते तेथे उपस्थित होते. म्हणून त्यांचा आक्षेप गांधींच्या कार्याला नव्हता, युक्तिवादाला होता. भौतिक उत्पातांची कारणे भौतिकच असतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. दोषी व निर्दोष यांत फरक न करणारी शिक्षा ईश्वराची मानली, तर माणसाची नीती ईश्वराच्या नीतीहून श्रेष्ठ ठरेल, असे त्यांनी दाखवून दिले. शिवाय हाच तर्क उलटवून सनातनी मंडळी भूकंपाचे खापर गांधींच्याच चळवळीवर फोडू शकतील, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

गांधींचे उत्तर

गांधींनी टागोरांचे निवेदन फेब्रुवारी १९३४ मध्ये आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापले आणि त्याच अंकात उत्तर दिले. जड सृष्टी व मानवी आचरण यांचा संबंध आपण सिद्ध करू शकत नाही, परंतु ती आपली जिवंत श्रद्धा आहे, असे त्यांनी लिहिले. ही समजूत चुकीची ठरली तरी तिच्यामुळे आत्मशुद्धीच्या प्रयत्नांना बळच मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. मार्चमध्ये ते बिहारमध्ये गेले व मदतकार्यात सहभागी झाले. जवाहरलाल नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात गांधींच्या मूळ विधानावर टीका केली आहे.

धार्मिक परंपरांतील विचार

या वादातील प्रश्न प्राचीन आहे. कर्मसिद्धान्तानुसार आजचे दुःख या किंवा पूर्वीच्या जन्मातील कर्माचे फळ असते. परंतु याच परंपरेत त्यावर आक्षेपही आढळतो. महाभारताच्या आदिपर्वात चोरीचा आळ येऊन सुळावर चढवलेले मांडव्य ऋषी धर्माला (यमाला) याचे कारण विचारतात. बालपणी किड्यांना गवताची काडी टोचल्याचे हे फळ, असे उत्तर मिळते. अपराधाच्या मानाने शिक्षा अतोनात आहे, असे म्हणून ते धर्मालाच शाप देतात व वयाच्या १४ वर्षांपर्यंतचे कृत्य पाप मानले जाणार नाही, अशी मर्यादा घालतात. शापामुळे धर्म विदुराच्या रूपाने जन्मास येतो.

बौद्ध संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात बुद्ध सर्व वेदना पूर्वकर्मजन्य असल्याचे मत नाकारतात. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशीही कारणे ते सांगतात. बायबलच्या जुन्या करारातील ईयोब नीतिमान असूनही सर्वस्व गमावतो. त्याने पाप केलेच असावे असा आग्रह धरणाऱ्या मित्रांनाच शेवटी ईश्वर दोष देतो. इस्लाममध्ये अशा दुःखाकडे बहुधा श्रद्धावंताची कसोटी म्हणून पाहिले जाते.

इहवादी विचार

युरोपात हा वाद १ नोव्हेंबर १७५५ च्या लिस्बन भूकंपानंतर पेटला. तो ख्रिस्ती सणाचा दिवस असल्याने चर्चमध्ये गर्दी होती. ईश्वराने शक्य तितके उत्तम जग निर्माण केले, या लायब्निझप्रणीत आशावादाची व्होल्तेरने ‘कांदीद’ (१७५९) मध्ये खिल्ली उडवली. रूसोने मात्र व्होल्तेरला लिहिलेल्या पत्रात (१७५६) वेगळा मुद्दा मांडला : दाटीवाटीने उंच घरे निसर्गाने बांधली नव्हती, माणसाने बांधली होती.

आधुनिक शास्त्रानुसार हिमालयाच्या परिसरातील भूकंप भारतीय व युरेशियन भूपट्टांच्या टकरीतून होतात. मात्र किती माणसे मरतील, हे घरांच्या बांधणीवरही अवलंबून असते. महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाची तीव्रता बिहारच्या मानाने बरीच कमी होती; तरीही दगड-मातीच्या जड भिंती झोपेतील माणसांवर कोसळून हजारो बळी गेले.

महत्त्व

गांधींच्या मांडणीत आपत्तीचा अर्थ समाजाला आत्मपरीक्षणास प्रवृत्त करतो. टागोरांच्या मांडणीत तोच अर्थ पीडितांवर अन्याय करणारा ठरू शकतो. दुःखितांना मदत करावी, याविषयी मात्र दोघांत मतभेद नव्हता. श्रद्धा आणि विवेक यांच्या संबंधाचा अभ्यास करताना या वादाचा आजही दाखला दिला जातो.