जुने चित्रपट आणि जुनीं चित्रगृहें

छत्रपती संभाजीनगराहून जवळ असलेल्या अजिंठ्याचीं भित्तिचित्रें सुमारें दीड सहस्र वर्षें टिकलीं. चित्रपटाचें आयुष्य मात्र अल्प. आरंभींच्या नायट्रेटच्या फिती आपोआप कुजतात, क्षणांत पेट घेतात. फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्रा’चा आज कांहीं अंशच उरला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें १९६४ पासून अशा फितींचें जतन केलें. तरीही २००३ सालीं आग लागून त्यांतील अनेक भस्मसात् झाल्या.

शिवाय, पेटींत बंद असलेली फीत मुकीच. १९३६ चा ‘संत तुकाराम’ शेंकडों प्रेक्षकांनीं एकत्र बसून पाहण्यासाठींच निर्माण झाला होता. म्हणून येथील जुन्या चित्रगृहांनीं महिन्यांतून एक खेळ अशा चित्रपटांस द्यावा, आणि आपण तिकीट काढून तो पाहावा. चित्रगृह पाडल्यावर हळहळण्यापेक्षां तें सोपें आहे.