अक्षराआधी नाद : दोन लिप्या शिकणाऱ्या मुलांचे वाचन

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी व बसवकल्याण या तालुक्यांत मराठी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना होऊन हैदराबाद राज्यातील हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. त्याच वर्षी राज्यघटनेत आलेल्या 350-अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांसाठी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे राज्यांना सांगितले. येथील मराठी शाळेतील मुलाला मराठीबरोबर कन्नडही शिकावयाची असते. कोवळ्या वयातच त्याच्यापुढे दोन लिप्या येतात आणि पाया कच्चा राहिला तर ते दोहोंकडे अडखळते.

हा पाया म्हणजे ध्वनी व अक्षर यांची सांगड होय. पुष्कळ मुले मुळाक्षरे घडाघडा म्हणतात, धडाही तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु त्याच धड्यातील एखादा शब्द फळ्यावर सुटा लिहिला की गप्प होतात. याला पाठांतर म्हणावे, वाचन नव्हे.

म्हणून अक्षर दाखविण्यापूर्वी कान तयार करावा. मका, मूग, मसूर यांचा पहिला आवाज कोणता? त्यांत तूर बसते काय? असे खेळ खळ्यावर किंवा चुलीपाशीही खेळता येतात. त्यासाठी आईवडिलांना लिहितावाचता येण्याची गरज नाही, ही गोष्ट पालकांना आवर्जून सांगावयास हवी.

पुढे सर्व मुळाक्षरे एकदम न देता म, क, त, र ही चार अक्षरे व काना एवढेच द्यावे. तेवढ्यावर मामा, काका, मका, तारा, तार असे शब्द मूल स्वतः जुळवू लागते. कर्नाटकात 1995 मध्ये हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या 'नलि-कलि' उपक्रमातही वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरे गटागटाने शिकविण्याची रीत आहे.

काही जागी मूल हमखास अडते. 'कि' मधील वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, पण तिचा आवाज मागाहून येतो. 'कमळ' हा शब्द मूल क-म-ळ असा तुटक वाचते; बोलताना मात्र शेवटचा ळ तोकडा होतो. तुकडे जोडून ओळखीचा शब्द कानी पडेपर्यंत शिक्षकांनी थांबावे, घाईने उत्तर पुरवू नये. 'चिंच' या एका शब्दात 'च'चे दोन उच्चार आहेत. तेथे नियम सांगण्यापेक्षा शब्द स्पष्ट म्हणून दाखविणे बरे.

कन्नडची भीती मात्र वाजवीपेक्षा अधिक बाळगली जाते. देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांचे मूळ ब्राह्मी होय. त्यामुळे क, ख, ग हा क्रम व स्वरचिन्हे जोडण्याची रीत सारखीच असून 'ळ' देखील दोन्ही भाषांत आहे. ज्या मुलाला 'क'चा नाद मराठीत पक्का झाला, त्याला कन्नडमध्ये केवळ नवी आकृती शिकावी लागते. वेगळेपण आहे ते ए व ओ यांत. कन्नडमध्ये त्यांची ऱ्हस्व व दीर्घ रूपे निराळी लिहितात, मराठीत तसा भेद नाही. तेवढ्या जागी कानाचा सराव पुन्हा करून घ्यावा.

5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साधले की नाही, हे पाहणे अधिकाऱ्यांना अवघड नाही. शाळाभेटीच्या वेळी पाठ्यपुस्तक मिटून, पुस्तकात नसलेले पण शिकलेल्या अक्षरांचेच चार शब्द फळ्यावर लिहावेत व मागच्या रांगेतील मुलाला वाचावयास सांगावे.