आधी फुप्फुस पाहा, मग खुराक ठरवा

कळपातल्या जनावराला आजारपण लपवावे लागते. मागे पडणारे, मान टाकून उभे राहणारे जनावर शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरते. हजारो पिढ्यांचा हा धडा गोठ्यात बांधलेल्या गाईच्या अंगातही मुरलेला आहे. त्यामुळे वासराला न्यूमोनिया झाला तरी ते दुधाच्या वेळी उठते, बादलीत तोंड घालते, शेपूट हलवते. मालकाला वाटते, ‘पितंय ना, मग बरं आहे.’ तोवर फुप्फुसाचा एखादा भाग आतून घट्ट होऊन निकामी झालेला असतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्य आणि कॅनडातील काही प्रांत येथील दुग्ध व्यवसायात गेल्या काही वर्षांत यावर एक उपाय रुजला आहे. पशुवैद्यक गोठ्यातच वासराच्या छातीची सोनोग्राफी करतात. त्या चित्रावरून औषध द्यायचे की नाही हे ठरतेच. शिवाय दूध किती पाजायचे, ते कधी तोडायचे आणि कोणती कालवड पुढे गाय म्हणून सांभाळायची, हेही ठरवायला मदत होते. मी माणसांचा डॉक्टर आहे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण आमच्या अतिदक्षता विभागात रोज वापरली जाणारी तपासणी आणि ही तपासणी एकच आहे. शिवाय गोठ्यात वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा हिशेब शेवटी आमच्या वॉर्डातही येतो.

बाहेरून दिसते ते किती?

वासरांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठातील डॉ. शीला मॅकगर्क यांनी एक सोपा तक्ता तयार केला. ताप, खोकला, नाकातील स्राव आणि डोळे किंवा कान यांची अवस्था, अशा चार गोष्टींना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज ५ किंवा अधिक झाली की वासरू आजारी समजायचे. गोठ्यातील कामगारालाही वापरता येईल असा हा तक्ता आहे आणि तो आजही उपयोगी आहे.

पण बाहेरच्या लक्षणांवर विसंबण्याला मर्यादा आहेत. कॅन्सस स्टेट विद्यापीठातील ब्रॅड व्हाइट आणि डेव्हिड रेंटर यांनी २००९ मध्ये मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या जनावरांबाबत याचा हिशेब मांडला. केवळ नजरेने आणि लक्षणांनी निदान केले तर १०० आजारी जनावरांपैकी सुमारे ६२ सापडतात, म्हणजे ३८ सुटतात. उलट १०० निरोगी जनावरांपैकी सुमारे ३७ जणांना विनाकारण आजारी ठरवले जाते. एका बाजूला उपचाराविना राहिलेला आजार आणि दुसऱ्या बाजूला आजाराविना दिलेले औषध, असे हे दुहेरी नुकसान आहे.

गुरांच्या बाबतीत ही चूक महागात पडते. शरीराच्या मानाने गाईचे फुप्फुस लहान असते, म्हणजे राखीव क्षमता कमी. शिवाय त्याचे बारीक बारीक कप्पे पडद्यांनी एकमेकांपासून वेगळे केलेले असतात. एका कप्प्याची वाट बंद झाली, तर शेजारच्या कप्प्यातून तिथे हवा पोहोचत नाही.

हवेने भरलेला अवयव सोनोग्राफीत कसा दिसतो?

ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत, त्यामुळे फुप्फुसाची सोनोग्राफी निरुपयोगी, असे वैद्यकशास्त्रात अनेक वर्षे मानले जात होते. फ्रान्समधील डॉ. डॅनिएल लिश्टेनश्टाइन यांनी अतिदक्षता विभागातील रुग्णांवर चिकाटीने काम करून हा समज खोडून काढला. २००८ मध्ये त्यांनी धाप लागलेल्या रुग्णासाठी सांगितलेली पद्धत आज जगभर शिकवली जाते. यातील एक गंमत अशी की, श्वासाबरोबर फुप्फुसाचे आवरण पडद्यावर सरकताना दिसते, ही खूण त्याआधीच, १९८६ मध्ये, नॉर्मन रँटानेन या पशुवैद्यकाने घोड्यात नोंदवली होती. म्हणजे ही विद्या जनावरांकडून माणसांकडे आली आणि आता पुन्हा गोठ्यात शिरली आहे.

तत्त्व सोपे आहे. निरोगी फुप्फुसात हवा असते, म्हणून ध्वनिलहरी आवरणावर आपटून परततात. पडद्यावर एक लखलखीत पांढरी आडवी रेघ आणि तिच्याखाली तिचेच प्रतिध्वनी दिसतात. फुप्फुसाच्या पृष्ठभागाजवळ थोडी सूज किंवा पाणी आले की उभे पांढरे पट्टे उमटतात. हवा जाऊन तिची जागा पू आणि दाहक द्रवाने घेतली, तर तो भाग चक्क यकृतासारखा भरीव दिसतो. यालाच आम्ही ‘कन्सॉलिडेशन’ म्हणतो.

यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. गाय गाभण आहे का हे पाहण्यासाठी पशुवैद्यक जो प्रोब गुदमार्गातून वापरतात, तोच इथे चालतो. वासराचे केस कापायचे नाहीत. त्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारायचे आणि प्रोब बरगड्यांच्या मधल्या खाचांतून मागून पुढे, वरून खाली फिरवायचा. पुढच्या पायाच्या काखेत, विशेषतः उजव्या बाजूला, नीट पाहावे लागते. वासरांचा न्यूमोनिया बहुधा तिथेच, फुप्फुसाच्या पुढच्या खंडात, सुरू होतो. सवय झाली की एका वासराला दोन-चार मिनिटे पुरतात.

शून्य ते पाच

विस्कॉन्सिनमधील डॉ. टेरी ऑलिव्हेट यांनी या चित्रांना गुण देण्याची पद्धत रूढ केली. ० म्हणजे स्वच्छ फुप्फुस. १ म्हणजे नुसते उभे पट्टे. २ म्हणजे अधूनमधून लहान भरीव ठिपके. एक अख्खा खंड भरला असेल तर ३, दोन असतील तर ४ आणि तीन किंवा अधिक असतील तर ५. साधारणपणे ३ आणि त्यापुढचे गुण जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियाकडे बोट दाखवतात.

अशी तपासणी सुरू झाल्यावर कळले की अनेक कळपांत उघडपणे खोकणाऱ्या वासरांपेक्षा ‘ठणठणीत’ दिसणाऱ्या पण भरीव फुप्फुसाच्या वासरांची संख्या जास्त असते. या छुप्या आजाराची किंमत पुढे मोजावी लागते. ‘जर्नल ऑफ डेअरी सायन्स’मध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासात, पहिल्या आठ आठवड्यांत ज्या कालवडींच्या फुप्फुसात ३ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा भरीव भाग दिसला होता, त्यांनी पहिल्या वेतात सरासरी ५२५ किलो दूध कमी दिले. २०१७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात, दूध तोडताना फुप्फुस भरीव असलेल्या कालवडी कमी प्रमाणात गाभण राहिल्या आणि पहिल्या वेताआधीच कळपाबाहेर जाण्याचे त्यांचे प्रमाण जास्त होते. दोन महिन्यांच्या वासराचा न्यूमोनिया दोन वर्षांनी दुधाच्या किटलीत दिसतो, तो असा.

चित्र आणि दुधाची बादली

खुराकाचा संबंध इथे येतो. आजारी वासराचे दूध कमी करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. प्रत्यक्षात जंतूंशी लढायला ऊर्जा आणि प्रथिने जास्त लागतात. थंडीत ही गरज आणखी वाढते; तीन आठवड्यांखालील वासराला तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की नुसती ऊब टिकवण्यासाठीच जादा ऊर्जा खर्च करावी लागते. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात तर पारा शून्याच्या बराच खाली असतो. फुप्फुसात डाग दिसला की दूध चालू ठेवायचे, खाली गुडघाभर कोरडा पेंढा घालायचा आणि वासरू त्यात पाय झाकून बसेल असे पाहायचे, हा तिथला सल्ला आहे.

दुसरा निर्णय दूध तोडण्याचा. तिथे ते साधारण सहा ते आठ आठवड्यांना तोडतात. त्या वेळी वासराला दुधाऐवजी कोरड्या खुराकावर जगायचे असते. कोठीपोट त्यासाठी तयार व्हावे लागते. बहुतेक ठिकाणी त्याच सुमारास त्याला एकटेपणातून काढून घोळक्यात सोडतात. आहार, जागा, सोबत असे सगळे एकदम बदलते. फुप्फुसाचे गुण ३ किंवा अधिक असलेल्या वासराला या ताणात ढकलण्यापेक्षा काही दिवस थांबणे शहाणपणाचे असते. तारीख पाहून दूध तोडायचे की वासराची तब्येत पाहून, या प्रश्नाचे उत्तर चित्र देते.

तिसरा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. एका वासराऐवजी अख्ख्या गोठ्याचे निदान करता येते. प्रत्येक वयोगटातील डझनभर वासरे तपासली की डाग पहिल्यांदा कोणत्या वयात दिसतात हे समजते. पहिल्याच आठवड्यात दिसत असतील तर चूक पाजण्यात शोधायची. बाटलीच्या बोंडीचे छिद्र मोठे आहे का? नळीने पाजताना दूध श्वासनलिकेत जाते का? चीक वेळेवर मिळाला का? डाग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागले तर हवा, ओल आणि दाटी तपासायची. दूध तोडल्यानंतर दिसले तर तो बदल फार घाईने होतो आहे, असे समजायचे.

खाद्यातून फुप्फुसापर्यंत

उलट दिशेनेही नाते आहे. टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्कामध्ये हजारो जनावरे एकत्र ठेवून त्यांना धान्य चारले जाते. ट्रकमधून लांबून आलेल्या जनावरांत पहिल्या काही आठवड्यांत न्यूमोनियाची लाट येते. आजारी जनावर खात नाही आणि बरे वाटले की भरपूर धान्य खाते. मग कोठीपोटात आम्ल वाढते, त्याच्या भिंतीला जखमा होतात, त्यातून जिवाणू यकृतात जाऊन गळू तयार होते. असे गळू जवळच्या मोठ्या शिरेत फुटले तर संसर्ग झालेल्या गुठळ्या थेट फुप्फुसात पोहोचतात. नाकातोंडातून रक्त येऊन जनावर दगावते.

कोरड्या कुरणातून एकदम हिरव्यागार, लुसलुशीत कुरणात सोडलेल्या मोठ्या गुरांत आणखी एक विकार दिसतो. गवतातील ट्रिप्टोफॅन या घटकापासून कोठीपोटात एक विषारी द्रव्य तयार होते आणि काही दिवसांत फुप्फुसाला सूज येऊन जनावराला जोराची धाप लागते. हा न्यूमोनिया नव्हे आणि प्रतिजैविकांचा इथे उपयोग नाही. खबरदारी एकच, चारा हळूहळू बदलणे.

औषध कुणाला, किती?

मोठ्या कळपात काही जनावरे खोकू लागली की सगळ्यांनाच प्रतिजैविक टोचण्याची पद्धत आहे. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून अशा सरसकट वापरावर कडक बंधने घातली. अमेरिकेत जून २०२३ पासून, माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके जनावरांसाठी पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू आम्हाला सरकारी रुग्णालयात वारंवार भेटतात, त्यामुळे या बंधनांचे महत्त्व मला वेगळे सांगावे लागत नाही. ‘कुणाला औषध नको’ हे खात्रीने सांगता येणे, ही सोनोग्राफीची मोठी कमाई आहे.

तपासणीच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. ध्वनिलहरींना आवरणाला टेकलेला भाग दिसतो. खोलवरचा डाग वर हवा असेल तर दिसत नाही. भरीव भागात कोणता जंतू आहे हे चित्र सांगत नाही. जुना डाग आणि नवा आजार यांत फरक करणे एका तपासणीत अवघड असते. आणि औषधाने ताप उतरला तरी फुप्फुस लगेच पूर्ववत होत नाही. उशिरा पाहिलेले चित्र पश्चात्तापाचेच असते. म्हणून लहान वयात, ठरावीक दिवशी, लक्षणांची वाट न पाहता पाहायचे.

आपल्या गोठ्यापुरते

आपल्याकडे दोन-चार गाईंच्या गोठ्यात प्रत्येक वासराची सोनोग्राफी व्हावी, अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण गाभण तपासणीसाठी फिरते यंत्र घेऊन येणाऱ्या पशुवैद्यकाला, वाढ खुंटलेल्या कालवडीची छातीही पाहाल का, असे विचारायला हरकत नाही.

यंत्र नसेल तरी या सगळ्या अभ्यासाने शिकवलेल्या गोष्टी फुकट आहेत. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत वासराला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पाजा. आतड्यांतून प्रतिकारद्रव्ये रक्तात शिरण्याची वाट दिवसभरात बंद होते. त्यामुळे वासराचे पोट आधी भरायचे, खरवस नंतर. दूध विकण्याच्या नादात वासराला अर्धपोटी ठेवू नका. गोठ्यात खाली बसून पाहा. मुताचा उग्र वास तुमच्या नाकाला झोंबला, तर तो वासराच्या फुप्फुसालाही झोंबतो आहे. आंबोण आणि चारा हळूहळू बदला. घटसर्पाची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. आणि वासरू ‘पितंय’ एवढ्यावर समाधान न मानता दर पंधरा दिवसांनी छातीभोवती टेप लावून त्याची वाढ लिहून ठेवा. ज्याची वाढ सोबतच्या वासरांपेक्षा मागे पडते, त्याचे फुप्फुस पशुवैद्यकाकडून आधी तपासून घ्या आणि खुराक वाढवायचा की औषध द्यायचे, हे त्यानंतर ठरवा.