मुख्य विषय निवडताना

जून महिना लागला म्हणजे कामगारांच्या पतपेढीत कर्जाचे अर्ज वाढतात. कारणाच्या रकान्यात बहुधा एकच मजकूर असतो : मुलाच्या किंवा मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी. ‘कोणता विषय घेणार?’ असे विचारले तर बाप मुलाकडे पाहतो आणि मूल जमिनीकडे. कर्ज फेडायचे बापाने, शिकायचे मुलाने, आणि विषय ठरवलेला असतो शेजाऱ्याने! या अवस्थेविषयी आम्ही येथे चार शब्द मांडणार आहोत.

विषय ठरत नाही हा काही मुलाचा गुन्हा नव्हे. बारावीपर्यंत त्याने पाठ्यपुस्तक पाहिलेले असते. कोर्टाचे कामकाज, प्रयोगशाळा, जमिनीची मोजणी यांतले काहीच पाहिलेले नसते. न चाखलेल्या पदार्थाची आवड-नावड त्याने सांगावी कशी? म्हणून ‘तुझी आवड काय?’ हा प्रश्न अगदी शेवटी विचारावा. त्याआधी करण्याची कामे निराळी आहेत.

पहिले काम, कोणती वाट कोठे बंद होते हे पाहणे. बारावी सायन्स झालेल्याला पुढे आर्ट्सला किंवा कॉमर्सला जाता येते. उलट वाट बहुधा बंद असते. याउलट काही दरवाजे सर्वांना खुले आहेत. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही विषयाची पदवी चालते. वकिलीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रमही कोणत्याही पदवीनंतर करता येतो. ज्याला तिकडे जावयाचे आहे, त्याने ‘इतिहास घेतला तर वाया गेलो’ अशी धास्ती घेण्याचे कारण नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीची रचना बदलली. मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय आला. ठरलेल्या अटी पुऱ्या केल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशी पायऱ्यांची व्यवस्था झाली. मुख्य विषय नक्की केव्हा ठरवावयाचा आणि तो बदलता येतो काय, हे कॉलेजात प्रवेशापूर्वीच विचारावे. आणि तोंडी उत्तरावर न थांबता छापील नियम पाहावा. संघटनेच्या कामात आम्ही एक गोष्ट शिकलो : जे लेखी नाही ते वेळेला हाती येत नाही.

दुसरे काम अभ्यासक्रम वाचण्याचे. विद्यापीठे तो प्रसिद्ध करतात. विषयाच्या नावावर जाऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे पेपर पाहावेत. मानसशास्त्र म्हणजे माणसांची मने ओळखणे अशा समजुतीने आलेल्याला तेथे सांख्यिकी आणि प्रयोग भेटतात. अर्थशास्त्रात गणित डोकावते, भूगोलात नकाशे आणि उपग्रहांची चित्रे येतात. दुरून डोंगर साजरे. चढण किती आहे ते पायथ्याशी जाऊनच कळते.

तिसरे काम माणसे गाठण्याचे. तोच विषय घेऊन दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तिघांना तरी भेटावे. आज काय करता, काय मिळते, दिवस कसा जातो, असे सरळ विचारावे. एकाने सांगितलेली हकीगत नशिबाची असू शकते. तिघांच्या हकीगतींतून वाट दिसू लागते. मग चार दिवस तशा कामाच्या जागी उभे राहून पाहावे. ज्या कामाचा कंटाळवाणा भागही आपण नेटाने करू शकू, ते काम आपले.

एवढे करूनही निवड कायमची असते असे नाही. इरावती कर्वे यांनी तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. केले, एम. ए. समाजशास्त्रात केले आणि बर्लिनला जाऊन मानवशास्त्राचा अभ्यास केला. दामोदर कोसंबी गणिताचे प्राध्यापक. जुन्या नाण्यांची वजने सांख्यिकीच्या रीतीने तपासता तपासता ते प्राचीन भारताच्या इतिहासात शिरले. पहिला विषय दोघांचाही वाया गेला नाही. परंतु दोघांनीही हाती घेतलेला विषय कसून केला होता, हे विसरू नये.

आता पालकांविषयी. एका पगारावर चालणाऱ्या घराला पोटाची भीती असते आणि ती खरी असते. तिला हसून मुलांपुढे केवळ आवडीचे गोडवे गाणे आम्हांला मान्य नाही. घरात किती पैसा आहे, कर्ज किती होईल, किती वर्षे वाट पाहता येईल, हे मुलाला आकड्यांनिशी सांगावे. तो लहान राहिलेला नाही. आकडे कळले की तोही जबाबदारीने बोलतो. हुकूम ऐकला की गप्प बसतो. गप्प बसलेले मूल प्रवेश घेते, पहिल्या वर्षी दोन विषय राहतात, दुसऱ्या वर्षी चार, आणि घरी कोणाला सांगवत नाही. मुलाचे वर्ष बुडते; कर्जाचा हप्ता मात्र एक महिनाही थांबत नाही.

कारखान्यात मागणीपत्र तयार करण्यापूर्वी प्रत्येक खात्यातल्या माणसाचे म्हणणे ऐकावे लागते. ज्याच्या अंगावर काम पडणार, त्याचा शब्द त्यात असला तरच तो पुढे टिकून उभा राहतो. विषयाच्या बाबतीतही हाच न्याय लावावा. ऐकावे सर्वांचे, हिशेब करावा घरात बसून, आणि अर्जावर विषयाचे नाव मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे.