मलबार हिलचा 'साऊथ कोर्ट' : बांधला कोणी, मालक कोण?

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड या आपल्या बाजारपेठांत अशी कितीतरी जुनी घरे आहेत, की खाली दुकान, वर राहते बिऱ्हाड आणि कागदावर नाव मात्र मरहूम आजोबांचे. भाऊ-भाऊ एका गल्ल्यावर बसतात तोवर कोणी विचारत नाही. विक्री निघाली किंवा बँकेचे कर्ज काढायचे झाले, की वारस नोंद, फेरफार, बहिणींच्या सह्या यांची धावपळ सुरू होते. आम्ही कापडवाले आलेल्या प्रत्येक गाठीचे बिल जपतो, पण ज्या छपराखाली त्या गाठी ठेवतो त्याचे कागद कोणत्या पेटीत आहेत हे पुष्कळांस सांगता येत नाही. म्हणून आज मुंबईच्या एका बंगल्याची हकीकत देत आहोत. त्याचा मालक हिंदुस्थानातील नामांकित बॅरिस्टर होता, तरी त्याच्या पश्चात घर सत्तर वर्षे वादात राहिले. हा बंगला म्हणजे महंमद अली जिना यांचा मलबार हिलवरील 'साऊथ कोर्ट'. जिनांच्या राजकारणाबद्दल ज्याचे त्याचे मत आहे. येथे आम्ही फक्त दगड-चुना आणि कागद पाहणार आहोत.

माउंट प्लेझंट रोड, म्हणजे आजचा भाऊसाहेब हिरे मार्ग, येथे सुमारे अडीच एकर जागेत १९३६ साली हे घर उभे राहिले. आधीचा बंगला पाडून नवा बांधला गेला. आराखडा क्लॉड बॅटली या इंग्रज वास्तुविशारदाचा. मुंबई सेंट्रल स्टेशन ज्यांनी पाहिले आहे त्यांनी याच माणसाचे काम पाहिले आहे. जे. जे. स्कूलमध्ये त्याने अनेक वर्षे वास्तुकला शिकवली. घरास टोकदार कमानी, खांबांची रांग, समुद्राकडे तोंड, आत इटालियन संगमरवर आणि अक्रोडाच्या लाकडाचे काम. दगडकामासाठी इटलीचे कारागीर आणले होते असे सांगतात. खर्च सुमारे दोन लाख रुपये. त्या काळी दोन लाख म्हणजे काय, हे जुन्या वह्या चाळणाऱ्यांस सांगायला नको. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधीजी बोलणी करण्यास याच घरी येत होते. १५ ऑगस्ट १९४६ ला नेहरूही येथेच येऊन भेटले.

आता कागदाकडे वळू. ३० मे १९३९ रोजी जिनांनी मृत्युपत्र केले. घर, जमीन व आउटहाऊस बहीण फातिमा यांस. एकुलती एक मुलगी दिना हिच्यासाठी दोन लाख रुपये वेगळे ठेवून त्याच्या सहा टक्के उत्पन्नातून दरमहा एक हजार. इतर भावंडांस दरमहा शंभर. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम शाळेस पंचवीस हजार, मुंबई विद्यापीठास पन्नास हजार. हिशेब चोख दिसतो.

पण आपल्या शरीयतप्रमाणे माणसास कर्ज व दफनविधीचा खर्च वजा जाता एक तृतीयांशापलीकडे वसीयत करता येत नाही. बाकी तरका वारसांचा. मग सगळे घर बहिणीस कसे? येथेच मेख आहे. जिना खोजा. खोजांच्या व कच्छी मेमनांच्या वारसाहक्कात कोर्टे जुन्या रिवाजाप्रमाणे हिंदू कायदा लावीत आली होती. कच्छी मेमनांसाठी १९३८ साली वेगळा कायदा होऊन ते मुस्लिम कायद्याखाली आले. १९३७ च्या शरीयत कायद्यात वसीयतीचा विषय सक्तीचा न ठेवता ज्याने त्याने जाहीरनामा करून स्वीकारावा असे ठरले, आणि ही तरतूद घालण्यात खुद्द जिनांचा हात होता. खानदानी वक्फ कायदेशीर ठरवणारा १९१३ चा कायदाही त्यांनीच विधिमंडळात आणला होता.

गंमत पाहा. वसीयत नाही असे धरले तर हनफी हिशेबाने मुलीस निम्मे, उरलेले भावंडांस. शिया हिशेबाने सगळे मुलीस, कारण संतान असता भावंडांस काही नाही. रिवाज धरून वसीयत मान्य केली तर सगळे घर फातिमांस. घर एकच, पण कायदा बदलला की मालक बदलतो.

त्यात फाळणी आली. ऑगस्ट १९४७ मध्ये जिना कराचीस गेले. घरावर त्यांचा फार जीव होता. भारताचे तेथील पहिले हायकमिशनर श्रीप्रकाश यांनी लिहून ठेवले आहे, की घर सरकारने घेऊ नये, एखाद्या चांगल्या युरोपियन कुटुंबास भाड्याने द्यावे अशी त्यांची इच्छा होती. ११ सप्टेंबर १९४८ ला ते वारले. पुढे निष्क्रांत, म्हणजे लोकांच्या तोंडी 'इव्हॅक्यूई', मालमत्तेचा कायदा आला. १ मार्च १९४७ नंतर फाळणीमुळे देश सोडून गेलेल्यांची मिळकत त्याने कस्टोडियनकडे जाऊ लागली. या एका शब्दाने त्या काळी किती घरांची झोप उडवली, हे वडीलधाऱ्यांस विचारावे. एक भाऊ इकडे, एक तिकडे, आणि मिळकत समाईक. अशा ठिकाणी इकडे राहिलेल्यास आपला हिस्सा सिद्ध करण्यासाठी कागद घेऊन हेलपाटे घालावे लागले.

'साऊथ कोर्ट'मध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश उपउच्चायुक्तांचे निवासस्थान होते. नंतर घर बहुतेक बंदच राहिले. पाकिस्तानने ते वकिलातीसाठी मागितले, पण मिळाले नाही. २००७ मध्ये दिना वाडिया यांनी मुंबई हायकोर्टात अर्ज केला. खोजांना हिंदू वारसा कायदा लागू होतो, आपण एकुलती वारस आहोत आणि आपण निष्क्रांत नाही, असे त्यांचे म्हणणे. सरकारचे उत्तर असे, की १९३९ च्या मृत्युपत्राने घर फातिमांचे झाले आणि फातिमा पाकिस्तानात गेल्या. वडिलांच्या ज्या कागदाने बहिणीस घर दिले, त्याच कागदाच्या आधारे सरकारने मुलीचा दावा नाकारला. निष्क्रांत मालमत्तेचा कायदा २००५ सालीच रद्द झाला होता, परंतु जे सरकारजमा झाले ते त्यामुळे परत येत नाही.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस हनफी हिशेबच लागू आहे. मुलीचा हिस्सा बुडवून सगळे दुकान एका मुलास लिहून ठेवणारी वसीयत इतर वारसांच्या संमतीवाचून टिकत नाही, हे वकिलाकडे जाण्यापूर्वीच माहीत असावे. हयातीत हिबा करावयाचा तर देणाऱ्याने देणे, घेणाऱ्याने घेणे आणि प्रत्यक्ष ताबा, ही तिन्ही लागतात. गल्ल्याची किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवून केलेला हिबा कोर्टात लंगडा पडतो.

दिना वाडिया २ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे वारल्या. त्यांचे चिरंजीव नस्ली वाडिया यांनी दावा पुढे चालवला. डिसेंबर २०१८ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी कळवले, की बंगला परराष्ट्र मंत्रालयाच्या नावे करण्याचे काम सुरू आहे.