गादी बदलताना खाली पाहा
अमेरिकेत मोटरहोमलाच घर करून फिरणाऱ्यांच्या गादीला बुरशी लागते ती बहुधा खालून. अंगातून रात्रभर बाष्प सुटतं. फोममधून झिरपत ते खालच्या गार प्लायवूडला भिडलं की त्याचं पाणी होतं. गादी उचला: काळे ठिपके, कुबट वास. नवी टाकताना खाली हवा खेळायला फटी हव्यातच. मापही आधी घ्या. तिथल्या दुकानातली क्वीन गादी 80 इंच लांब, गाडीतली बरेचदा 75. अरुंद दारातून शिरवायची कशी? हवा काढून गुंडाळलेली फोमची गादी आत नेऊन उलगडायची. (जुनी बाहेर काढणं हे खरं दिव्य!) 1966 साली नासासाठी घडवलेला मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, पण कडाक्याच्या थंडीत टणक. हिवाळा डोंगरात काढणार असाल, तर लॅटेक्स घ्या.